लिव्हरच्या कॅन्सरमध्ये प्रत्यारोपण होईल का, हे कसं ठरतं? विदर्भातल्या कुटुंबांसाठी पायरीपायरीने

लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ आहे असं कळलं की आपल्याकडची बरीच कुटुंबं शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतात. "आमचा पोट्टा लिव्हर द्यायला तयार आहे जी, ऑपरेशन केव्हा करता?" नाहीतर, "लाखांनी खर्च येतो म्हणे, शेत विकायला काढू का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची पाळी उशिरा येते. नागपुरात प्रत्यारोपण समन्वयकाचं काम करताना मी हेच पाहतो. दाता आणि पैसा यांच्या धावपळीत पहिले काही आठवडे निघून जातात, आणि ज्या तपासणीवर सगळं ठरायचं ती अजून झालेलीच नसते. हातात असते फक्त तालुक्याच्या ठिकाणी केलेली सोनोग्राफी.

म्हणून इथे प्रत्यारोपणाची टीम ज्या क्रमाने विचार करते, तोच क्रम ठेवला आहे. आधी गाठ, मग लिव्हर, मग बाकीचं शरीर, मग सवयी, आणि त्यानंतर दाता, कायदा, पैसा. हे वाचून स्वतःच स्वतःला पात्र किंवा अपात्र ठरवू नका. डॉक्टरांना कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं, एवढं कळलं तरी पुरे.

पहिली पायरी: गाठ नेमकी कशाची आहे?

"लिव्हरचा कॅन्सर" या नावाखाली तीन वेगळे आजार येतात. लिव्हरच्या स्वतःच्या पेशींचा कॅन्सर म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, डॉक्टर त्याला एचसीसी म्हणतात. पित्तनलिकांचा कॅन्सर म्हणजे कोलँजिओकार्सिनोमा. आणि आतडं, स्तन, स्वादुपिंड अशा दुसऱ्या अवयवातून लिव्हरमध्ये पसरलेला कॅन्सर. या लेखातली जवळपास सगळी माहिती पहिल्या प्रकाराची आहे. पित्तनलिकांच्या कॅन्सरमध्ये अगदी निवडक रुग्णांचं, तेही आधी किमो-रेडिएशन देऊन, प्रत्यारोपण केलं जातं. पसरलेल्या कॅन्सरमध्ये सहसा होत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मोजक्या केंद्रांत, काटेकोर निवडीनंतर होतं. तेव्हा पहिल्या भेटीतला पहिला प्रश्न हाच: "हा एचसीसी आहे का, आणि तुम्ही ते कशावरून म्हणता?"

यावर बरेच जण विचारतात, "सुई टाकून तुकडा काढला नाही, मग कॅन्सर आहे हे कसं समजलं?" एचसीसीची गंमत ही, की रुग्णाला सिऱ्हॉसिस, म्हणजे लिव्हर कडक आणि आकसलेलं, असेल किंवा हिपॅटायटिस बीची जुनी लागण असेल, तर नीट काढलेल्या सीटी किंवा एमआरआयवरच निदान पक्कं होऊ शकतं. कॉन्ट्रास्ट दिल्यावर रोहिणीच्या टप्प्यात गाठ आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा जास्त चमकते आणि नंतरच्या टप्प्यात तिच्यातला कॉन्ट्रास्ट लवकर उतरतो. रिपोर्टमध्ये लाय-रॅड्स पाच असा शेरा असेल तर तो याच अर्थाचा. अशा वेळी बायोप्सी मुद्दाम टाळतात, कारण सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडण्याची थोडी का होईना, जोखीम असते आणि प्रत्यारोपणाची आशा असलेल्या रुग्णात ती कुणाला नको असते. चित्र संदिग्ध असेल तर मात्र बायोप्सी करावी लागते. कुठल्याशा दवाखान्यात "चला, लगेच बायोप्सी करून टाकू" असं कुणी म्हणालं, तर आधी प्रत्यारोपण करणाऱ्या टीमला विचारून घ्या.

दुसरी पायरी: फोटो नीट काढून घ्या

सोनोग्राफीवर पात्रता ठरत नाही. लिव्हरचा बहुटप्पा सीटी स्कॅन लागतो, ज्याला सेंटरवाले ट्रिपल फेज सीटी म्हणतात, किंवा कॉन्ट्रास्टसह एमआरआय. सोबत छातीचा सीटी, कारण एचसीसी पसरला तर फुप्फुसात जाण्याची शक्यता बरीच असते. हाडांचा स्कॅन किंवा पेट सीटी टीम सांगेल तसा. जिवंत दात्याकडून प्रत्यारोपण करणारी आपल्याकडची बरीच केंद्रं पेट सीटी मागतात. गाठ त्यात खूप पेटलेली दिसली तर कॅन्सर आक्रमक असण्याची शंका येते.

नागपुरात सीटी-एमआरआयला तोटा नाही. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, तुकडोजी पुतळ्याजवळचं कॅन्सर हॉस्पिटल, शिवाय रामदासपेठ-धंतोलीत पावलोपावली खासगी सेंटरं. अडचण होते ती दुसरीकडे. साधा पोटाचा सीटी करून आणला जातो, ज्यात रोहिणीचा टप्पाच नसतो, आणि मग पुन्हा खर्च, पुन्हा कॉन्ट्रास्ट. चिठ्ठीवर "ट्रिपल फेज लिव्हर" लिहिलेलं आहे का, हे स्कॅनच्या टेबलावर जाण्याआधी बघा. किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट सोबत ठेवा. आणि फक्त फिल्म नका आणू, सीडी मागून घ्या. प्रत्यारोपणाचा सर्जन फिल्म खिडकीकडे धरून बघत नाही, तो संगणकावर रक्तवाहिन्या एकेक करून मोजतो. स्कॅन महिना-दीड महिन्याहून जुना असेल तर बहुधा नवा करावाच लागतो.

तिसरी पायरी: मोजमाप

सगळा वाद इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

नव्वदच्या दशकापर्यंत लिव्हर कॅन्सरमध्ये प्रत्यारोपणाचे निकाल निराशाजनक होते. नवं लिव्हर बसवायचं आणि त्यातही कॅन्सर परत यायचा. १९९६ साली इटलीतल्या मिलान शहरातल्या मात्सफेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी लहान गाठी असलेलेच रुग्ण निवडले होते: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत, रक्तवाहिनीत शिरकाव नाही, लिव्हरच्या बाहेर काही नाही. यातले ७५ टक्के रुग्ण चार वर्षांनी जिवंत होते. तेव्हापासून जगभर "मिलान निकष" हा पहिला गाळणा झाला. तुमच्या फाइलवर "विदिन मिलान" किंवा "बियाँड मिलान" लिहिलेलं दिसेल ते हेच.

पुढे अनेकांना वाटलं, की हा गाळणा फार बारीक आहे. २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी थोडी सैल मर्यादा सुचवली: एक गाठ ६.५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, त्यांतली सर्वांत मोठी ४.५ पर्यंत आणि सगळ्यांच्या व्यासांची बेरीज ८ पर्यंत. याला यूसीएसएफ निकष म्हणतात. २००९ मध्ये मात्सफेरोंनीच "सातपर्यंत" नावाचा निकष मांडला: सर्वांत मोठ्या गाठीचा सेंटिमीटरमधला आकार अधिक गाठींची संख्या, ही बेरीज सात किंवा त्याहून कमी हवी. त्यात गाठींनी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरकाव केलेला नसावा ही अटही होती, पण ती गोष्ट खात्रीने कळते ती लिव्हर काढून तपासल्यावर.

आता तुमचा रिपोर्ट समोर घ्या. एकच गाठ, ४.५ सेंटिमीटर: मिलानमध्ये बसते. दोन गाठी, ३.४ आणि २ सेंटिमीटर: मिलानच्या बाहेर, पण यूसीएसएफ आणि सातपर्यंत या दोन्हींत बसतात. एकच गाठ ६ सेंटिमीटर: तसंच. चार गाठी, प्रत्येकी २.५: मिलानच्या बाहेर, यूसीएसएफच्याही बाहेर, पण २.५ अधिक ४ म्हणजे ६.५, सातच्या आत. एकाच रुग्णाला दोन केंद्रांतून दोन वेगळी उत्तरं का मिळतात ते यावरून लक्षात येईल. कुणीही फसवत नसतं. त्यांची मोजपट्टी वेगळी असते. "तुम्ही कोणते निकष वापरता?" असं विचारायला अजिबात संकोच करू नका. आणि रिपोर्टमधला आकार मिलिमीटरमध्ये आहे की सेंटिमीटरमध्ये, ते दोनदा बघा. ३२ एमएम वाचून "बत्तीसची गाठ" म्हणत रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

गाठीवर आधी उपचार झालेला असेल तर मोजण्याची रीत बदलते. तेव्हा फक्त जिवंत, म्हणजे कॉन्ट्रास्ट घेणारा भाग मोजतात, मेलेला भाग धरत नाहीत. जुन्या रिपोर्टमधला मोठा आकडा तिथे गैरलागू होतो.

आकारापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी

पहिली, एएफपी. अल्फा फीटोप्रोटीन ही साधी रक्ततपासणी. ती अनेकदा एचसीसीतही नॉर्मल येते, म्हणून "एएफपी नॉर्मल म्हणजे कॅन्सर नाही" असा अर्थ काढू नका. पण ती फार वाढलेली असेल तर प्रत्यारोपणानंतर कॅन्सर परतण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत १००० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर गाठ मिलानमध्ये बसत असूनही आधी उपचार करून ती ५०० च्या खाली आणावी लागते. फ्रान्सचा एक गुणांक आकार, संख्या आणि एएफपी यांची एकत्र बेरीज करतो. आपल्याकडे बरीच केंद्रं पीआयव्हीकेए-दोन ही दुसरी तपासणीही सोबत मागतात. एकाच आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय याला वजन जास्त, म्हणून सगळे जुने एएफपी रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या, आणि शक्यतो एकाच लॅबमधून करा.

दुसरी गोष्ट पोर्टल व्हेन, म्हणजे लिव्हरला आतड्यांकडून रक्त आणणारी मोठी नीला. रिपोर्टमध्ये "पोर्टल व्हेन थ्रॉम्बोसिस" हे शब्द दिसले की अनेकांना वाटतं सगळं संपलं. थांबा. सिऱ्हॉसिसमध्ये रक्त संथ वाहत असल्यामुळे तिथे नुसती रक्ताची गुठळीही होते, आणि तशी गुठळी प्रत्यारोपणाला सहसा आडवी येत नाही, तांत्रिक अवघडपणा वाढवते एवढंच. पण त्या नीलेत कॅन्सरच शिरलेला असेल, तर तो ट्यूमर थ्रॉम्बस. नेहमीच्या नियमाने तो नकार आहे. भारतातल्या काही केंद्रांनी निवडक रुग्णांत रेडिएशन किंवा रेडिओएम्बोलायझेशन (नळीतून किरणोत्सारी कण सोडणं) देऊन तो थ्रॉम्बस निष्प्रभ केल्यावर, काही काळ वाट पाहून, जिवंत दात्याकडून प्रत्यारोपण केलं आहे. पण ती अपवादाची वाट आहे आणि तिच्यावर घरदार पणाला लावण्याआधी दोनदा विचार करा. रेडिओलॉजिस्टला विचारायचा प्रश्न सरळ आहे: "गुठळी साधी आहे की कॅन्सरची?"

चौथी पायरी: उरलेलं लिव्हर किती काम करतंय?

एचसीसीच्या बहुतेक रुग्णांना दोन आजार असतात, गाठ आणि तिच्याखालचा सिऱ्हॉसिस. सिऱ्हॉसिस मोजायला चाइल्ड-प्यू नावाची जुनी पद्धत आहे. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा), पोटातलं पाणी आणि मेंदूवर आलेली गुंगी, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते तीन गुण. बेरीज ५-६ म्हणजे ए, ७ ते ९ म्हणजे बी, १० आणि त्यापुढे सी. दुसरा गुणांक मेल्ड. तो बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि नव्या रूपात सोडियमवरून निघतो, ६ पासून ४० पर्यंत.

इथे नवख्या माणसाला एक गोष्ट उलटी वाटते. लिव्हर खराब असणं हे प्रत्यारोपणाविरुद्धचं कारण नसतं, उलट बाजूचं असतं. चाइल्ड ए, एकच गाठ, प्लेटलेट बऱ्या, अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा नाहीत, प्लीहा मोठी नाही, अशा रुग्णाला बरेचदा गाठ कापून काढण्याचा सल्ला मिळतो. सर्जन टाळाटाळ करत नसतो. लिव्हर सशक्त असेल तर गाठ काढून भागू शकतं, आणि पुढे कॅन्सर परतलाच तर प्रत्यारोपणाचा रस्ता कित्येकदा उघडा राहतो. पण चाइल्ड सी असेल, तर लिव्हर कापणं झेपत नाही, नळीतून औषध सोडणंही झेपत नाही. गाठ निकषात असेल तर प्रत्यारोपण हाच इलाज उरतो, आणि तोही लवकर. चाइल्ड सी आणि गाठ निकषांच्या पार बाहेर, ही सगळ्यांत कठीण अवस्था. तिच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

थोडं विषयांतर. नागपूरच्या मे महिन्यात पाण्याच्या गोळ्या, म्हणजे फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणारे रुग्ण एसटीने दुपारचे प्रवास करतात, घाम आणि उलट्यांनी कोरडे पडतात, सोडियम घसरतं, क्रिएटिनिन चढतं, माणूस गुंगीत जातो. मग मेल्ड अचानक वाढलेला दिसतो. तपासणीची वेळ सकाळची मागा, आणि उन्हाळ्यात गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या.

पाचवी पायरी: गाठ मोठी असेल तर लहान करता येते का?

याला डाउनस्टेजिंग म्हणतात. जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गाठीच्या रोहिणीत औषध सोडून ती बंद करायची, म्हणजे टेस. किंवा किरणोत्सारी कण सोडायचे, म्हणजे टेअर. लहान गाठ सुईने जाळायची, म्हणजे आरएफए किंवा मायक्रोवेव्ह. त्यानंतर निदान तीन महिने बघायचं. गाठ निकषात आली आणि तिथेच टिकली, एएफपी उतरली, तर प्रत्यारोपणाचा विचार. वाट बघणं लोकांना छळ वाटतं. "इतके दिवस वाया" असं ऐकू येतं. पण या काळात कॅन्सर आपला स्वभाव दाखवतो. उपचारानंतरही जो तीन महिन्यांत उसळतो, तो नव्या लिव्हरमध्येही उसळण्याची भीती असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका चाचणीत, डाउनस्टेजिंगला चांगला प्रतिसाद दिलेल्या रुग्णांपैकी प्रत्यारोपण झालेल्या गटात पाच वर्षांनी सुमारे ७७ टक्के जिवंत होते, तर प्रत्यारोपणाविना उपचार चालू ठेवलेल्या गटात सुमारे ३१ टक्के. म्हणून "बियाँड मिलान" हा शेरा म्हणजे फाइल बंद झाली असं समजू नका.

गाठ आधीच निकषात आहे पण लिव्हर मिळायला सहा महिन्यांहून जास्त लागतील असं दिसलं, तरी हेच उपचार करतात, गाठ तेवढ्यात वाढू नये म्हणून. दर तीन महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी.

इथे एक सूचना ठळकपणे. हल्ली प्रगत लिव्हर कॅन्सरला इम्युनोथेरपीची इंजेक्शनं देतात, उदाहरणार्थ अटेझोलिझुमॅब. ही औषधं शरीराची प्रतिकारशक्ती चेतवतात, आणि प्रत्यारोपणात नेमकी तीच दाबायची असते. शेवटचा डोस आणि ऑपरेशन यांत पुरेसं अंतर नसेल तर नवं लिव्हर नाकारलं जाण्याचा गंभीर धोका असतो. प्रत्यारोपणाची थोडीही शक्यता असेल तर असं इंजेक्शन सुरू करण्याआधी प्रत्यारोपण केंद्राचं मत घ्या. आधीच घेतलं असेल तर तारखा लपवू नका.

सहावी पायरी: बाकीचं शरीर

हृदय, फुप्फुस, किडनी, साखर, दात, स्नायू. टूडी इको आणि ताणाची हृदयतपासणी होते. फुप्फुसातल्या रोहिणीचा दाब फार वाढलेला असेल तर ऑपरेशन थांबतं. क्षयरोग दडलेला नाही ना, हे आपल्या देशात बघावंच लागतं. वयाची कडक रेषा नसते. सत्तरीच्या आसपास केंद्रं फार काटेकोर होतात, पण साठीतला मोडलेला माणूस आणि अडुसष्टीतला शेतावर चालणारा माणूस यांत टीम फरक करते. ती रुग्णाला सहा मिनिटं चालायला लावते, हाताची पकड मोजते.

ताकदीबद्दल एक गैरसमज फार जुना आहे: "लिव्हरच्या रोग्याला डाळ देऊ नका, तूप बंद, फक्त उसाचा रस आणि ग्लुकोज." यामुळे माणसं हाडाचा सापळा होऊन येतात. सिऱ्हॉसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि झोपण्याआधी थोडं खाणं हवं. डाळ, दही, पनीर, अंडी चालतात. मीठ कमी.

आता खर्रा. विदर्भात हा विषय टाळून चालणारच नाही. तोंड उघडत नसेल तर भुलतज्ज्ञाला श्वासनळीत नळी घालणं अवघड जातं. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर आधी तिचा निकाल लावावा लागतो, कारण दुसरा कॅन्सर दडलेला असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देता येत नाहीत. रुग्णाचीच नव्हे, दात्याचीही तोंडाची तपासणी होते. खर्रा आजच थुंका.

गावठी काविळीच्या औषधांबद्दलही खरं सांगा. गुळवेलसारख्या, निरुपद्रवी वाटणाऱ्या वनस्पतींनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. कुणी रागावणार नाही. फक्त काय घेतलं ते कळायला हवं.

सातवी पायरी: दारू आणि विषाणू

दारूमुळे सिऱ्हॉसिस झाला असेल तर बहुतेक केंद्रं सहा महिने पूर्ण बंदची अपेक्षा ठेवतात, मानसोपचारतज्ज्ञाची भेट ठरवतात, आणि काही जण पीईटीएच नावाची रक्ततपासणी करतात, जिच्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांतलं पिणं दिसून येतं. "सणाला एक पेग" हे उत्तर लपत नाही. सहा महिने हा दगडावरचा नियम नाही, कॅन्सर तेवढा थांबणार नसेल तर टीम वेगळा विचार करू शकते, पण घरच्यांची साथ आणि रुग्णाची कबुली याशिवाय नाही.

हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिरने विषाणू दाबून ठेवतात. सी असेल तर गोळ्यांनी बरा होतो. आधी द्यायच्या की प्रत्यारोपणानंतर, हे वेळ पाहून ठरतं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

आठवी पायरी: आता दाता

भारतात बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्याच्या लिव्हरचा भाग घेऊन होतात. दाता साधारण १८ ते ५५ वयाचा, रक्तगट जुळणारा हवा. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जुळायची गरज नाही. ओ गट सगळ्यांना देऊ शकतो. त्याच्या लिव्हरमध्ये चरबी जास्त नको. धडधाकट दिसणारे कितीतरी तरुण याच कारणाने बाद होतात, आणि त्यातले काही तीन महिने वजन घटवून परत येऊन पास होतात. मग गणित: दिलेल्या तुकड्याचं वजन रुग्णाच्या वजनाच्या सुमारे ०.८ टक्के तरी हवं, आणि दात्याच्या पोटात किमान ३० ते ३५ टक्के लिव्हर शिल्लक राहायला हवं. दोन्ही बाजू जुळल्या तरच पुढे. लिव्हर काही महिन्यांत वाढून बरंचसं भरून येतं. पण दात्याला जोखीम नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दात्याचा मृत्यू दुर्मीळ आहे, हजारात एक ते पाचच्या घरात, पण आहे.

आपल्या भागात सिकलसेल बराच आढळतो, म्हणून दाता आणि रुग्ण दोघांचीही हिमोग्लोबिन तपासणी सांगितली जाते. घरात कुणाला सिकलसेल असेल तर स्वतःहून सांगा. नुसता वाहक असलेल्या दात्याबद्दल टीम ठरवते, आजार असलेला दाता घेत नाहीत.

अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, सुधारणा २०११ ची, नियम २०१४ चे. पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. काका, मामा, मेहुणा, जावई यांत येत नाहीत. त्यांचं प्रकरण प्राधिकृत समितीकडे जातं. समिती नात्याची, प्रेमापोटी देण्याची आणि पैशाचा व्यवहार नसल्याची खातरजमा करते. छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगावकडून येणाऱ्यांनी राज्य वेगळं असल्यामुळे कागदपत्रांना जास्त वेळ धरावा. आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला यांतली नावं आणि जन्मतारखा एकमेकांशी जुळतात का, हे आधी तपासा. रेशनकार्डावर "सुनीता", आधारवर "सुनिताबाई", दाखल्यावर माहेरचं नाव, आणि प्रतिज्ञापत्रांत आठवडा जातो.

एक गोष्ट मी प्रत्येक कुटुंबाला बजावतो. दाता बाई असेल तर तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणाकडून पडताळावी असं नियमच सांगतात. त्यामागे कारण आहे. सून, बायको, बहीण यांना घरात "नाही" म्हणता येत नाही. आमच्याशी एकटीने बोलताना ती नाही म्हणाली, तर आम्ही घरच्यांना वैद्यकीय कारणाने जुळत नाही एवढंच सांगतो.

घरात दाता नसेल तर मेंदूमृत व्यक्तीच्या लिव्हरसाठी नाव नोंदवायचं. विदर्भात हे काम नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत, म्हणजे झेडटीसीसीमार्फत चालतं. रुग्ण थेट तिथे जाऊन नाव लावू शकत नाही. मान्यताप्राप्त रुग्णालयच नोंद करतं. पूर्वी नागपुरात दान झालेलं लिव्हर ग्रीन कॉरिडॉर करून विमानतळावर आणि तिथून दुसऱ्या शहरात जायचं. २०१८ पासून शहरातच यकृत प्रत्यारोपणं होऊ लागली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीसाठी रहिवासी दाखल्याची आणि ६५ वर्षांची अट काढायला सांगितली, त्यामुळे दुसऱ्या राज्यातही नोंद करता येते. पण नाव हैदराबादला लावलं तर फोन आल्यावर काही तासांत तिथे पोचायचं आहे, हे धरून चला. यादीत एचसीसीच्या रुग्णाला प्राधान्य कसं मिळतं, हे केंद्राला स्पष्ट विचारा, कारण नुसत्या मेल्डवर असे रुग्ण मागे पडतात.

पैसा

इस्पितळाचा लेखी अंदाज घ्या आणि त्यात दात्याचं ऑपरेशन, रक्तघटक, आणि पहिल्या वर्षाची औषधं-तपासण्या धरल्या आहेत का ते पाहा. टॅक्रोलिमससारखी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर चालतात. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा यांचे अर्ज वैद्यकीय समाजसेवकाकडून भरून घ्या. मंजुरी ऑपरेशनआधी हवी.

उत्तर "नाही" आलं तर

विचारा, कोणतं नाही? "आत्ता नाही" म्हणजे गाठ लहान करून, वजन वाढवून, दारू सोडून पुन्हा या. "इथे नाही" म्हणजे आमच्या निकषात बसत नाही. अशा वेळी सगळी फाइल आणि सीडी घेऊन दुसऱ्या केंद्राचं मत घेणं योग्यच. तिसरं नाही म्हणजे कॅन्सर लिव्हरच्या बाहेर गेला आहे किंवा शरीराला ऑपरेशन झेपणार नाही. तिथे तिसरं-चौथं केंद्र शोधत कर्ज काढू नका. चाइल्ड ए आणि काही बी रुग्णांना टेस, गोळ्या किंवा इम्युनोथेरपी यांनी वेळ मिळतो. चाइल्ड सी असेल तर वेदना, पोटातलं पाणी, खाज आणि झोप यांवरचा उपचार हाच मुख्य; तो पॅलिएटिव्ह विभागात मिळतो, आणि मॉर्फिन लागलं तर घाबरू नका. दुखण्यासाठी मेडिकल दुकानातून डायक्लोफेनॅक मात्र घेऊ नका, किडनी जाते.

उत्तर काहीही येवो, रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल तर त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांची एचबीएसएजी तपासणी करून घ्या. निगेटिव्ह आलेल्यांनी लस घ्यावी, पॉझिटिव्ह आलेल्यांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या काळाने, बहुधा दर सहा महिन्यांनी, सोनोग्राफी आणि एएफपी करावी. रुग्णाच्या भावंडांना हे आधी सांगा, कारण लागण बहुधा एकाच आईकडून आलेली असते.